जुनं यंत्र, नवा दोर

झाडांची निगा राखणं हाही एक धंदा आहे, हे आपल्याकडे अजून फारसं कुणी मानत नाही. माडावर चढून नारळ काढणारा, हापूसच्या कलमावरचं बांडगूळ छाटणारा, घरावर आलेली फणसाची फांदी दोर बांधून अलगद खाली उतरवणारा, अशी माणसं कोकणातल्या वाडीवाडीत आहेत. कोयता, हातकरवत आणि दोर एवढंच त्यांचं भांडवल. पण 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या बागा आडव्या झाल्या आणि नुसत्या हातकरवतीनं आता भागणार नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं.

माझा एक भाचा याच कामातला. वादळानंतर त्याची चार माणसांची टोळी झाली. आता जुन्या, दाटलेल्या आंबाबागांच्या छाटणीची मोठी कामं त्याच्याकडे येतात. धंदा वाढवायचा तर यंत्रं हवीत, आणि सगळी नवी घ्यायची तर पैसा पुरत नाही. मध्यंतरी त्यानं विचारलं, "मामू, जुनी मशीनं घेऊ का?" मी कविता लिहिणारा, बी.ए.पर्यंत शिकलेला माणूस. पण वडिलांचं बोट धरून बैलबाजार पाहिलेला आहे. त्याच्याबरोबर चार ठिकाणी हिंडलो, दोन जाणत्या मेकॅनिकांशी बोललो. त्यातून जे कळलं, ते अशा प्रत्येकाच्या उपयोगी पडेल असं वाटतं.

बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावर जुवाचा वण कसा आहे ते पाहतो, चार पावलं चालवून बघतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो तो या सगळ्यानंतर. जुन्या यंत्राचंही तसंच आहे. त्याच्या अंगावर आधीच्या मालकाच्या सवयी उमटलेल्या असतात. त्या वाचता आल्या पाहिजेत.

या धंद्यातलं मुख्य यंत्र म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, सगळे जिला चेन-सॉ किंवा नुसतं कटर म्हणतात. ती बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं, की मशीन सुरू करून ठेवू नका. गार मशीन किती झटक्यांत सुरू होते, यावरून बरंच कळतं. आपण पोचेपर्यंत ती गरम असेल, तर गार होईस्तोवर खुशाल चहा घ्यावा.

तिचं इंजिन टू-स्ट्रोक असतं, म्हणजे वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. बऱ्याच कंपन्यांच्या यंत्रांना एका लिटरला 20 मिलिलिटर असं प्रमाण असतं. हे तेल घालायला कुणी विसरला, किंवा त्यानं त्यात काटकसर केली, की पिस्टन घासला जातो. वरून रंगरंगोटी कितीही केलेली असो, सायलेन्सर खोलून बॅटरीच्या उजेडात आत बघितलं, की पिस्टन दिसतो. तो गुळगुळीत असेल तर पुढे बोलावं. उभे ओरखडे असतील तर सलाम करून निघावं. सायलेन्सर खोलू न देणाऱ्याकडूनही निघावं. दुसरी एक परीक्षा अशी: इंजिन बंद ठेवून, साखळीवर म्यान चढवून, ओढायच्या दोरीच्या मुठीला धरून यंत्र जमिनीपासून वीतभर उंचीवर लटकवायचं. इंजिनात दम असेल तर ते थांबत-थांबत खाली येतं. दम गेलेला असेल तर सरळ खाली जातं.

मग मशीन चालू करून बघायची. मंद गतीवर साखळी फिरता कामा नये. पुढच्या मुठीसमोरचा दांडा पुढे ढकलला, की फिरती साखळी तत्काळ थांबली पाहिजे. हा तिचा ब्रेक. पट्टीचं टोक लाकडात कुठे अडलं, की कटर उसळून थेट चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. त्या क्षणी हा ब्रेकच उपयोगी पडतो. तो काम करत नसेल, तर ते मशीन फुकटही नको. पट्टीचं टोक पांढऱ्या कागदासमोर धरून वेग वाढवला, की कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाहीतर साखळीला तेल पोचत नाही असं समजावं. साखळी मात्र नवीच घालावी. धारेची साखळी लाकडाच्या कपच्या काढते, बोथट साखळी भुसा पाडते आणि साल फाडते. फाटलेल्या सालीची जखम भरून यायला झाडाला जास्त दिवस लागतात.

आजकालची आणखी एक अडचण म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल. 2025 साली त्याचं प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोचलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीत पेट्रोल तसंच ठेवून पावसाळाभर मशीन पडवीत पडून राहिलं, तर रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा खराब होतो. म्हणून "फारसं वापरलेलंच नाही हो" हे वाक्य ऐकून खूश होऊ नये. वापरात असलेलं यंत्र पडून राहिलेल्यापेक्षा पुष्कळदा बरं निघतं.

आता हिशेब. समजा, नवी कटर 40 हजारांना आहे आणि जुनी 18 हजारांना. जुनीला पट्टी, साखळी, नळ्या, कार्बोरेटरचं किट मिळून 7 हजार लागले. म्हणजे ती पडली 25 हजारांना. नवी पाच हंगाम चालणार असेल, तर हंगामाला 8 हजार पडतात. जुनी दोनच हंगाम चालली, तर हंगामाला साडेबारा हजार. म्हणजे तीनाहून जास्त हंगाम टिकली, तरच ती स्वस्त. त्यात ऐन कामात बंद पडली आणि चार माणसं 800 रुपये रोजानं बसून राहिली, तर दिवसाचे 3,200 रुपये गेले, आणि बागवाल्याची मर्जी गेली ती वेगळीच. म्हणून किमतीच्या आधी एक चौकशी करावी: हिचे सुटे भाग आपल्या तालुक्याच्या गावी मिळतात का? नामवंत कंपनीच्या रंगात रंगवलेल्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. त्यांचा साधा स्क्रू मिळवायलाही वणवण होते. आणि वर्षातून चारच दिवस लागणारं मोठं यंत्र असेल, तर ते भाड्यानं आणावं.

कागदांचं महत्त्व आपल्याकडे भांडण झाल्यावरच कळतं. मशीनचं मूळ बिल मागावं, त्यावरचा क्रमांक मशीनवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, विकणाऱ्याची सही घ्यावी. क्रमांक खरवडलेला असेल तर हात लावू नये. चोरीचा माल समजूनउमजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. फांद्या वाहून न्यायला जुना पिकअप घेतला, तर नमुना 29 आणि 30 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना 35 आधी मागावा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. "बघू पुढे" म्हणून हे काम टाळणाऱ्यांना अपघात झाल्यावर कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं राहिलं. भाच्यानं बघितलेल्या एका सौद्यात कटरबरोबर चढायचे दोर आणि अंगाला बांधायचा पट्टा, म्हणजे हार्नेस, फुकट मिळत होता. दोर चांगला जाड, दिसायलाही धड. मी म्हटलं, "हा घ्यायचा नाही." इंजिन खोलून आत बघता येतं, दोर खोलून बघता येत नाही. ऊन, घाम, बॅटरीचं आम्ल, एखादा जोराचा हिसका, यांनी आतले धागे कमजोर होतात आणि वरून काही दिसत नाही. कटर बंद पडली तर दिवस जातो. दोर तुटला तर घरातला कर्ता माणूस जातो. हार्नेसवर बनवल्याची तारीख असते, आणि किती वर्षांनी तो टाकून द्यायचा हे बनवणारी कंपनीच सांगते. तेव्हा दोर, पट्टा आणि हेल्मेट नेहमी नवंच घ्यावं, तेही बिलासकट. पट्ट्यावर आय.एस. 3521 आणि हेल्मेटवर आय.एस. 2925 हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का, ते पाहावं.

म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवावा. हातात पैसा आला, की आधी जेवढी माणसं झाडावर चढणार, तेवढे नवे पट्टे, दोर आणि हेल्मेटं. मग नीट पारखलेली एक जुनी कटर. तिनं एक हंगाम काढून दिला, की दुसरी. गाडी सगळ्यात शेवटी. या क्रमानं धंदा थोडा सावकाश वाढतो, हे खरं आहे. पण आंब्याचं कलमही लावल्या वर्षी भरपूर आंबे देत नाही, आणि म्हणून कुणी ते लावायचं सोडत नाही. टोळीतली पोरं संध्याकाळी धडधाकट घरी आली, तर उद्या काम आहेच.