उत्तरायण आणि संक्रांत : सावलीची साक्ष

शेतात तुरीच्या शेंगा भरल्या, बाजारात सुगडी दिसू लागली, की वऱ्हाडातील घराघरांत संक्रांतीची चाहूल लागते. माता-भगिनी वाण लुटण्याच्या तयारीस लागतात आणि देवळातून भीष्मांच्या आख्यानाचे कीर्तन ठरते. शरपंजरी पडलेल्या पितामहांनी उत्तरायणाची वाट पाहत अठ्ठावन्न रात्री प्राण धरून ठेवले, हा प्रसंग रंगवून झाला, की कीर्तनकार सांगतो, “श्रोतेहो, आजच सूर्यनारायण उत्तरेकडे वळले, आजपासून दिवस वाढू लागला.” प्रस्तुत लेखकानेही नारदांच्या गादीवरून हे वाक्य कित्येक वर्षे निःशंकपणे उच्चारले.

काही वर्षांपूर्वी अकोल्याकडील एका गावी कीर्तन आटोपल्यावर नवव्या इयत्तेतील एक मुलगी पाया पडावयास आली आणि म्हणाली, “बुवा, आमच्या पुस्तकात तर सूर्य २२ डिसेंबरलाच वळतो असे दिले आहे. मग आज पुन्हा कसा वळला?” प्रश्नात उद्धटपणा नव्हता. “शास्त्र निराळे, पुस्तक निराळे,” असे काहीसे सांगून मी वेळ निभावून नेली. तिने मान डोलावली. परंतु तिचे समाधान झाले नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढील डिसेंबरात अमरावतीस अंगणात १०० सेंटिमीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी केली. आपल्या ज्योतिषग्रंथांत हिला शंकू म्हणतात. शंकूभोवती वर्तुळ आखावे. सकाळी सावलीचे टोक जेथे वर्तुळात शिरते आणि दुपारनंतर जेथून बाहेर पडते, ते दोन बिंदू जोडावेत. ती रेषा पूर्व-पश्चिम होय. शंकूच्या पायातून तिच्यावर काटकोनात काढलेली रेषा दक्षिणोत्तर. सावली या रेषेवर आली, की खरी मध्यान्हवेळ. अमरावतीस ही वेळ संक्रांतीच्या सुमारास घड्याळात १२ वाजून २८ मिनिटांनी येते. अकोला किंचित पश्चिमेस असल्याने तेथे ३ मिनिटे उशिरा.

२२ डिसेंबरला मध्यान्हीची सावली सुमारे ९८ सेंटिमीटर भरली, म्हणजे जवळजवळ शंकूएवढीच. वर्षातील मध्यान्हीची ही सर्वांत लांब सावली. त्यानंतर ती आखडू लागली आणि १४ जानेवारीस ९१ सेंटिमीटरवर आली. सूर्य तीन आठवडे आधीच वळला होता. मुलीचे म्हणणे खरे होते.

मग संक्रांत म्हणजे काय? येथे दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्य आपणांस कधी दक्षिणेकडे, कधी उत्तरेकडे सरकलेला दिसतो. दक्षिणेची सीमा गाठून तो परततो, ते उत्तरायण. तारकांच्या पार्श्वभूमीवर सूर्य मकर राशीत प्रवेश करतो, ती मकरसंक्रांत. सुमारे १७०० वर्षांपूर्वी या दोन्ही घटना एकाच वेळी घडत असत. परंतु पृथ्वीचा आस फिरत्या भोवऱ्याच्या दांड्याप्रमाणे हळूहळू डोलतो. पृथ्वीच्या फुगीर मध्यभागावर चंद्र-सूर्यांची ओढ पडते, हे त्याचे कारण. या डोलण्याचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांचा. त्यामुळे ताऱ्यांच्या मानाने मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे. ही २० मिनिटे साठत जाऊन सुमारे ७२ वर्षांत एक दिवस होतो.

इतिहासात याची साक्ष सापडते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली संक्रांतीच्या दिवशी झाला, ती तारीख १२ जानेवारी होती. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, म्हणून तो ऐन संक्रांतीचा दिवस समजला जातो. पण याच हिशोबाने त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. आणखी हजार वर्षांनी ती जानेवारीच्या अखेरीस जाईल.

हे सारे पाश्चात्त्यांनी शिकविले, असे मात्र कोणी समजू नये. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट नोंदविले आहे, की पूर्वशास्त्रांत उत्तरायण धनिष्ठारंभी सांगितले आहे, तेव्हा तसे असलेच पाहिजे; आता ते मकरारंभी होते; आणि यात फरक पडला तर प्रत्यक्ष परीक्षेने ओळखावे. वर्तुळात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या सावलीच्या खुणांची रीतही त्याने सांगितली आहे. ग्रंथ मी अनेकदा वाचला होता. अंगणात काठी मात्र उभी केली नव्हती.

आपल्या विदर्भाचाही या कार्यात वाटा आहे. १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग-सुधारणा समितीत नागपूरचे विद्वद्रत्न डॉ. के. ल. दप्तरी हे सदस्य होते. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौष महिना २२ डिसेंबरला, म्हणजे उत्तरायणाबरोबरच सुरू होतो.

मग संक्रांतीचे स्नान-दान व्यर्थ ठरले काय? मुळीच नाही. पंचांगात दिलेला राशिसंक्रमणाचा पुण्यकाळ त्याच दिवसाचा आहे. शिवाय एक मौज पाहा : दिवस डिसेंबरअखेरपासून वाढू लागला, तरी आपल्या अक्षांशावर सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो, लांबते ती संध्याकाळ. पहाट लवकर उजाडू लागते ती संक्रांतीनंतरच. शेतावर जाणाऱ्या माणसाला सूर्य संक्रांतीला वळला असे वाटले, तर ते अगदीच अकारण नव्हे.

आता मी कीर्तनात सांगतो, “सूर्य २२ डिसेंबरला वळला, आज तो मकरेत आला.” आख्यानाचा रस याने उणा होत नाही. भीष्मांनी वाट पाहिली ती आकाशातील खऱ्या सूर्याची. घरातील मुलाने असा प्रश्न विचारला तर त्यास गप्प करू नये. शंकू उभारून द्यावा आणि त्याच्या शेजारी आपणही बसावे. देवघरात ऐकलेले आणि शाळेत शिकलेले एकमेकांशी भांडते, असे ज्या मुलास वाटेल, ते एक दिवस देवघराकडे पाठ फिरवील. मग तो दोष त्याचा नसून आपला असेल. त्या मुलीच्या गावी पुन्हा कीर्तनास गेलो, तेव्हा भर सभेत ही चूक कबूल केली. तिने पुढे येऊन हातावर तीळगूळ ठेवला.