तारण ठेवलेली नावे

गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिका तपासत बसलो असता मोबाइल वाजला. पलीकडील गृहस्थाने ‘आप इकॉनॉमिक्स सर ना?’ असे विचारून आमच्या एका विद्यार्थ्याचे नाव घेतले आणि त्याचे थकलेले कर्ज संध्याकाळपर्यंत भरले न गेल्यास परिणाम वाईट होतील, अशी तंबी दिली. मी त्या कर्जाचा जामीन नव्हतो, साक्षीदारही नव्हतो. विद्यार्थ्याच्या फोनमध्ये माझा नंबर ‘इकॉनॉमिक्स सर’ या नावाने नोंदलेला होता, एवढाच काय तो माझा संबंध. पुढे चौकशी करता कळले की, असेच फोन त्याच्या मावशीला, खानावळीच्या बाईंना आणि बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांनाही गेले होते. कर्ज होते अवघे तीन हजारांचे. मुलगा त्यानंतर तीन आठवडे वर्गाकडे फिरकला नाही.

हे कर्ज ‘विनातारण’ म्हणून दिलेले होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी या शब्दावर विसंबावयास नको होते. परंतु फी भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत असता पाठ्यपुस्तक कोणाला आठवते? कर्जाचे ॲप फोनवर घेताना त्याने संपर्कयादी पाहू देण्यास होकार दिला, त्याच क्षणी तारण सावकाराच्या हवाली झाले. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील खतपत्रे काढून जाळली. त्या खतांत लिहिलेली जमीन निदान कर्जदाराची स्वतःची असे. येथे गहाण पडली ती दुसऱ्यांची नावे, आणि त्या दुसऱ्यांच्या मनात असलेली मुलाची पत. शिवाय खत जाळले की पुरावा संपत होता. या यादीच्या प्रती आज किती जणांकडे आहेत, हे खुद्द त्या सावकारालाही सांगता येणार नाही.

व्यवहार दोघांचा आणि झळ तिसऱ्याला, या प्रकाराला आम्ही वर्गात ‘बाह्य परिणाम’ म्हणतो आणि उदाहरण म्हणून गिरणीच्या धुराड्याचे चित्र फळ्यावर काढतो. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या ग्रंथात हा विचार सविस्तर मांडला. व्यक्तिगत माहितीचा बाजार हे त्या धुराड्याचेच आजचे रूप होय. ‘माझी माहिती, मी देईन किंवा न देईन’ हे म्हणणे वरवर रास्त वाटते. परंतु माझ्या फोनमधील माहितीचा मोठा भाग माझा नसतोच. तो माझ्या आप्तांचा, सहकाऱ्यांचा, विद्यार्थ्यांचा असतो. आपण दाबलेल्या बटणाने त्यांचेही दार उघडले जाते.

‘आम्ही चाळीत वाढलो, आमचे काय गुपित होते?’ असे काही वडीलधारी मंडळी यावर विचारतात. चाळीत सर्वांना सर्वांचे ठाऊक असे, हे खरे. पण ज्याला माझे ठाऊक होते, त्याचेही मला ठाऊक असे. त्या समतोलातून आपोआप एक मर्यादा पाळली जाई. मला फोन करणाऱ्या गृहस्थाचे नावही मला माहीत नाही.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये कर्जाच्या ॲपांना ग्राहकाची संपर्कयादी व कॉलची नोंद पाहण्यास मनाई केली. तथापि हा निर्बंध बँका आणि नोंदणीकृत वित्तसंस्था व त्यांच्या वतीने चालणाऱ्या ॲपांपुरता आहे. चोरवाटेने येणारी ॲपे रिझर्व्ह बँकेला विचारून येत नाहीत. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. या कायद्याचा आधार संमती हा आहे, आणि कागदावर पाहता मावशीच्या संमतीवाचून तिचा नंबर वापरणे त्यात बसत नाही. पण मावशीने दाद कशी मागावी? प्रथम त्या कंपनीकडेच तक्रार करावी, तेथे निवारण न झाल्यास मंडळाकडे जावे, असा क्रम कायद्याने घालून दिला आहे. जिचा पत्ताच नाही त्या कंपनीकडे तक्रार करावयाची!

याहूनही मोठी उणीव अर्थशास्त्राच्या दृष्टीने मला जाणवते ती दंडाची. दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु ती सर्व रक्कम सरकारच्या संचित निधीत जमा व्हावयाची. ज्याचे नुकसान झाले त्याला एक पैसाही देण्याची तरतूद या कायद्यात नाही. किंबहुना, माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या ४३ अ कलमान्वये निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागता येत होती, ते कलमच या नव्या कायद्याने वगळावयाचे ठरविले आहे. धुराड्याच्या मालकाकडून दंड घ्यावा आणि खोकणाऱ्याला औषधापुरतेही काही देऊ नये, असा हा न्याय झाला. संसदेने ही भरपाईची तरतूद नव्या कायद्यात पुन्हा घालणे अगत्याचे आहे.

अर्थात, दोष केवळ ॲपवाल्यांचा मानून आम्हां शिक्षकांना व कार्यालयीन मंडळींना सुटता येणार नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जदारांची यादी खाते क्रमांकासकट व्हॉट्सॲपच्या गटावर टाकणारे आम्हीच, आणि आधार कार्डाच्या उरलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडणारेही आम्हीच.

तो मुलगा आता वर्गात येतो. १९३० या क्रमांकावर आणि पोलिसांकडे तक्रार केल्यावर फोन थांबले; बहिणीचे लग्नही ठरल्या मुहूर्तावर पार पडले. खानावळीच्या बाई मात्र पूर्वी महिनाअखेरीस पैसे घेत असत, त्या आता त्याच्याकडून आगाऊ घेतात.