फ्रेंचच्या अभ्यासाला मराठीचा हात

मुलांनी शाळा-कॉलेजात फ्रेंच घेतलं, की अभ्यास घेता घेता आईचंही शिकणं सुरू होतं. अशाच काही जणींनी आम्हाला शंका विचारल्या. सुरुवात बहुतेकींची एकच: "आमचं इंग्रजीच कच्चं, फ्रेंच काय कळणार?" आम्ही म्हणतो, इंग्रजी राहू द्या बाजूला. इथे मराठीच जास्त कामाला येते.

पहिली शंका लिंगाची. निर्जीव वस्तूला लिंग कशाला? अहो, आपलीही खुर्ची 'ती' आणि पंखा 'तो' असतोच की! आपल्याकडे लिंगं तीन, फ्रेंचमध्ये दोनच, नपुंसकलिंग नाही. मात्र मराठीतलं लिंग तसंच तिकडे नेऊ नका. आपला चंद्र 'तो', त्यांची 'ल्यून' 'ती'. आपलं घर 'ते', त्यांची 'मेझों' 'ती'. म्हणून शब्द सुटा पाठ करू नये. पुल्लिंगी शब्दाआधी 'अं' आणि स्त्रीलिंगी शब्दाआधी 'युन' लावूनच म्हणावा: अं लिव्र म्हणजे पुस्तक, युन मेझों म्हणजे घर.

दुसरी शंका: जे अक्षर ऐकूच येत नाही, ते लिहायचं कशाला? 'मी बोलते', 'तू बोलतेस', 'त्या बोलतात' या तिन्हींत क्रियापदाचा उच्चार एकच, 'पार्ल'. पण लिहिताना 'मी'साठी शेवटी ई, 'तू'साठी ई-एस आणि 'त्या'साठी ई-एन-टी. नुसतं कानावर विसंबलं की इथे गुण जातात. मुलांना आधी कर्त्याखाली रेघ मारू द्या, मग क्रियापदाचा शेवट लिहू द्या.

तिसरी शंका भूतकाळाची, आणि सगळ्यांत अवघड वाटणारी. आपण म्हणतो, 'तिने लाडू खाल्ला', 'तिने पोळी खाल्ली'. खाणारी तीच, पण क्रियापद बदललं ते लाडू-पोळीप्रमाणे. फ्रेंचमध्येही 'आव्वार' हे सहायक क्रियापद आलं, की रूप कर्त्याप्रमाणे बदलत नाही. ते कर्माप्रमाणे बदलतं, पण कर्म आधी येऊन गेलं असेल तरच. 'मी चिठ्ठी लिहिली' यात फ्रेंच माणूस क्रियापद आधी आणि चिठ्ठी नंतर म्हणतो, म्हणून 'एक्री' तसंच राहतं. 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना मात्र तो चिठ्ठी आधी आणतो. मग शेवटी ई लागतो आणि 'एक्रीत' होतं. आपल्या 'लिहिलेली'तला 'ली' आठवला, की हा नियम लक्षात राहतो.

शेवटची शंका: पुस्तकात एक स्पेलिंग आणि शब्दकोशात दुसरं, मग खरं कोणतं? पुष्कळदा दोन्ही. १९९० साली फ्रान्समध्ये शुद्धलेखनात सुधारणा सुचवल्या गेल्या. आय आणि यू या अक्षरांवरची टोपी बऱ्याच शब्दांत काढली तरी चालते, पण जुनं रूपही चूक ठरवलेलं नाही. आपल्याकडेही १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेलेच ना? परीक्षेपुरतं सांगायचं, तर मुलांनी पाठ्यपुस्तकातलंच रूप लिहावं आणि उत्तरपत्रिकेत सगळीकडे तेच ठेवावं.

तेव्हा मैत्रिणींनो, "मला काय कळतंय" असं म्हणून वहीपासून दूर बसू नका. मुलगी अडली, तर तिला विचारा, "हे आपण मराठीत कसं म्हणतो गं?" अर्धी गाठ तिथेच सैल होते.