वाळूवरची तबकडी आणि पंच नसलेला सामना
बालाघाटाच्या डोंगरावरच्या तुळजापूरपासून समुद्र लांब. त्यामुळे ‘बीच अल्टिमेट’ म्हणजे किनाऱ्यावर गंमत म्हणून तबकडी फेकणं, अशी समजूत होणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तो पाच-पाच खेळाडूंच्या दोन संघांचा सामना असतो. मैदान 75 मीटर लांब, 25 मीटर रुंद. दोन्ही टोकांना 15 मीटरचा गोलपट्टा (जिथे तबकडी झेलली की गुण मिळतो). तबकडी हातात असताना धावता येत नाही. याची जागतिक स्पर्धा 2004 पासून होते.

मोठा गैरसमज पंचांबद्दल आहे: पंच नाही, म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. गल्लीतल्या क्रिकेटसारखे इथेही खेळाडूच निर्णय देतात, पण वाद मिटवायची रीत नियमांत लिहिलेली आहे. झेलताना हाताला धक्का लागला, तर झेलणाऱ्याने लगेच ‘फाउल’ म्हणायचं. समोरच्याने मान्य केलं, तर तबकडी झेलणाऱ्याला मिळते. नाही केलं, तर ती फेकणाऱ्याकडे परत जाते आणि खेळ पुढे सुरू.

सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांना खेळभावनेचे गुण (नियमांची जाण, वागणूक, संवाद अशा पाच बाबींचे, प्रत्येकी 0 ते 4) देतात. इथे 20 पैकी 10 म्हणजे नेहमीचा चांगला खेळ. ते काठावर पास होणं नव्हे.