भुयारी रेल्वेचे सांधे

रेल्वेच्या नोकरवर्गात सांधेवाला म्हणून एक माणूस असे. त्याचा पगार थोडा; पण त्याचा हात चुकला तर मेलगाडीही भलत्या वाटेला लागायची. रेल्वे रुळांवर धावते हे खरे, परंतु ती माणसाच्या कामाला येते ती सांध्यांमुळे. मुंबईच्या भुयारी रेल्वेविषयी जे सांगावयाचे आहे, त्याचे सार एवढेच आहे.

सांधा म्हणजे काय, हे जालन्याच्या माणसाला नव्याने शिकवावयास नको. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास पडलेला आपला लोहमार्ग मीटरगेज होता. मनमाडला तो मुंबईच्या रुंद मार्गाला भेटे. पण ती भेट रुळांची नव्हे, फलाटांची. ट्रंका, वळकट्या आणि पोरेबाळे सांभाळीत उतारूंनीच गाडी बदलावयाची. १९९० नंतरच्या दशकात आपला मार्ग रुंद झाला, तेव्हा ही यातायात संपली. दोन रेघा नकाशावर एका ठिपक्यात मिळाल्या म्हणजे प्रवास जोडला जातोच असे नाही, हा धडा आपण मनमाडला शिकलो आहोत.

आता मुंबई पाहू. शहर दक्षिणोत्तर लांब आणि निमुळते. पश्चिम व मध्य रेल्वेच्या लोकल गाड्याही मुख्यतः त्याच दिशेने धावतात. उणीव होती ती आडव्या धाग्याची. ८ जून २०१४ रोजी मेट्रोचा पहिला मार्ग वर्सोवा ते घाटकोपर असा सुरू झाला. तो खांबांवरून जातो. लांबी अवघी ११.४ किलोमीटर, पण अंधेरीला पश्चिम रेल्वे आणि घाटकोपरला मध्य रेल्वे अशा दोन मोठ्या वाहिन्या त्याने एकमेकींस बांधल्या. पुढे २०२२-२३ मध्ये ‘२अ’ व ‘७’ हे मार्ग आले. हे दोन्ही दहिसर पूर्वेला एकत्र येतात आणि दक्षिणेकडे पहिल्या मार्गाला पादचारी पुलांनी जोडलेले आहेत. ‘२अ’चे अंधेरी पश्चिम हे स्थानक डी. एन. नगरशी, तर ‘७’चे गुंदवली हे पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकाशी. असे एक कडेच तयार झाले.

तिसरा मार्ग भुयारी. कफ परेड ते आरे, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके. आरेचे एक सोडून बाकी सारी जमिनीखाली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा भाग ७ ऑक्टोबर २०२४ रोजी लोकांसाठी खुला झाला आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून गाडी कफ परेडपर्यंत जाऊ लागली. चर्चगेट, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी व दादर येथे हा मार्ग पश्चिम रेल्वेच्या जवळ येतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला मध्य रेल्वेशी. आणि मरोळ नाक्याला पहिल्या मेट्रोशी त्याची गाठ पडते.

आपल्याकडची देवगिरी किंवा तपोवन टर्मिनसलाच जाते. तेथून भुयारात उतरून दक्षिणेची गाडी धरली की तिसरे स्थानक विधान भवन. मंत्रालयात काम असेल त्याने तेथे उतरावे. कामगार आयुक्तांकडे, म्हणजे कामगार भवनात जावयाचे असेल, तर उत्तरेची गाडी धरून वांद्रे-कुर्ला संकुलाला उतरावे. विमानतळही त्याच वाटेवर पुढे आहे.

येथवर सारे गोड आहे. आता सांध्याला हात लावून पाहू. डोंबिवलीची एखादी बाई सीप्झमध्ये दागिने घडविण्याच्या कामाला जाते असे समजा. तिने घाटकोपरपर्यंत लोकल, मरोळ नाक्यापर्यंत पहिली मेट्रो आणि तेथून दोन स्थानके भुयारी मेट्रो धरावयाची. गाड्या तीन आणि मालकही तीन. लोकल भारत सरकारची. पहिली मेट्रो खाजगी भागीदारीच्या कंपनीची. भुयारी मेट्रो केंद्र व राज्य यांच्या संयुक्त कंपनीची. लोकलचा पास मेट्रोत चालत नाही आणि मरोळ नाक्याला भाडे पुन्हा पहिल्यापासून मोजले जाते. एक मार्ग खांबांवर, दुसरा पाताळात; तेवढी चढउतार वेगळीच. म्हणजे सिमेंटचा सांधा झाला, हिशेबाचा राहिला. दिल्लीत राजीव चौकाला पिवळ्या मार्गावरून निळ्या मार्गावर जाताना नवे तिकीट लागत नाही, कारण दोन्ही मार्ग एकाच महामंडळाचे आहेत.

हे दुखणे मुंबईनेच काढलेले नव्हे. लंडनला जगातील पहिली भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. पुढे निरनिराळ्या खाजगी कंपन्यांनी आपापले मार्ग खोदले. १९३३ साली ते एका सार्वजनिक मंडळाखाली आले. त्याच वर्षी हॅरी बेक याचा नकाशा छापला गेला. हा आरेखक कामावरून कमी झालेला असताना त्याने तो घरी काढला होता. त्याने अंतरे सोडून दिली, वाकडे मार्ग सरळ केले आणि कोणता मार्ग कोणत्या मार्गास कोठे मिळतो एवढेच ठेवले; कारण उतारूला तेवढेच हवे असते. जगभरचे मेट्रोचे नकाशे आज याच धाटणीचे आहेत. मात्र त्या ठिपक्यात दोन मिनिटांची चाल आहे की दहा मिनिटांची, हे नकाशा सांगत नाही. ते पायांनाच कळते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मुंबई वन’ हे मोबाइलवरचे साधन निघाले. अकरा वाहतूक सेवांची तिकिटे त्यात एका जागी मिळतात. तीन रांगांची एक रांग झाली, हे स्वागतार्हच आहे. परंतु तीन भाड्यांची बेरीज करून देणे निराळे आणि तीन प्रवासांचा एक प्रवास मानून भाडे आकारणे निराळे.

जालन्याच्या गिरण्यांत सळई तयार होते. सळई कितीही उत्तम असो, स्लॅबमध्ये दोन सळया एकमेकींवर पुरेशा चढवून तारेने घट्ट बांधल्या नाहीत, तर भेग तेथेच पडते. शहराच्या रेल्वेचेही तसेच आहे. यापुढे कोणत्याही शहरात किती किलोमीटर मार्ग झाला असे कोणी अभिमानाने सांगितले, तर आपण दोनच गोष्टी विचाराव्यात: गाडी बदलताना चालावे किती लागते, आणि पैसे किती वेळा मोजावे लागतात?