विनोद कुणावर? हसवणाऱ्या स्त्रिया आणि आपला मंच

एप्रिल आला की नाशिक शहरात आणि जिल्ह्यातल्या गावोगावी भीमजयंतीचे मंच उभे राहतात. भाषणे होतात, भीमगीते होतात आणि मधेच लोकांना हसवायला एखादी नाटुकली होते. त्यात बऱ्याचदा बायको भांडखोर असते, सासू कजाग असते आणि सावळ्या किंवा जाड मुलीचे लग्न जमत नसते. मागे समतेचा फलक आणि पुढे हा विनोद! यात कुणाला काही खटकत नाही, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

विनोदात एक हसवणारा असतो आणि एक ज्याच्यावर हसले जाते तो. स्त्रीच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसरी जागा आली. तमाशातल्या गौळणीत मावशीचे सोंगही पुरुषच घेत असे. पवळा हिवरगावकरणीने तमाशाचा बोर्ड गाजवला, तिच्यामागून अनेक स्त्रिया आल्या. पण त्यांच्याकडे मुख्यतः नाच-गाणे आले. हसवण्याचा मान सोंगाड्याकडेच राहिला.

आपल्या नाशिक जिल्ह्याने याच तमाशाचा साचा घेऊन त्यात नवा विचार भरला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्या जलशाने अंधश्रद्धा, भिक्षुकशाही आणि अस्पृश्यतेची खिल्ली उडवत बाबासाहेबांचा संदेश गावोगावी नेला. हा विनोद दुबळ्यावर नव्हता, सत्तेवर होता. मात्र या जलशांतही स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात आपल्या माता-भगिनी उभ्या होत्या; जलशाच्या मंचावर मात्र त्यांना जागा नव्हती.

ती जागा आज काही स्त्रिया स्टँड-अप कॉमेडीतून स्वतः घेत आहेत. मुंबईत घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या दीपिका म्हात्रे विनोदवीर अदिती मित्तल यांच्या मदतीने २०१८ च्या सुमारास मंचावर आल्या. मालकिणीने आपल्यासाठी भांडी वेगळी ठेवली आहेत, इमारतीत लिफ्टही वेगळी आहे, म्हणजे आपण किती खास, असे त्या सांगतात. आणि त्याच मालकिणीच्या घरच्या पोळ्या आपल्याच हातच्या असतात, याची आठवण करून देतात. यात शिवी नाही, रडगाणे नाही. रोज पाळला जाणारा नियम जसाच्या तसा मांडला की त्याचा खोटेपणा उघडा पडतो. ऐकणारा हसतो, आणि हसला म्हणजे त्याने तो खोटेपणा मान्य केलेला असतो.

बीडची अंकुर तांगडे दलित आणि क्विअर ही आपली ओळख लपवत नाही. जातीवर आणि लिंगभावावर ती स्वतःच्या आयुष्यातून बोलते. ‘ब्लू मटेरियल’ या दलित विनोदवीरांच्या गटातून तिने कार्यक्रम केले आहेत. ज्या ओळखीवरून इतरांनी टोमणे मारले, तीच ओळख ती विनोदाची सूत्रधार करते. मग टोमणा मारणाराच हास्यास्पद ठरतो.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. चीनमध्ये यांग ली हिने २०२० साली एका कार्यक्रमात, दिसायला इतके साधारण असूनही पुरुषांना एवढा आत्मविश्वास येतो कुठून, असा प्रश्न विचारला. एवढ्या एका वाक्यावर गदारोळ झाला, तिच्याविरुद्ध तक्रारी झाल्या. २०२१ मध्ये इंटेल कंपनीने तिची जाहिरात मागे घेतली. बायकांवरच्या विनोदाला ‘गंमत’ म्हणायचे आणि पुरुषांवरच्या विनोदाला ‘द्वेष’, हा दुटप्पीपणा तिकडेही आहे आणि इकडेही.

बौद्ध परंपरेला तर ही चेष्टा नवी नाही. थेरीगाथेत मुत्ता थेरी आपण कशाकशातून सुटलो ते सांगताना उखळ-मुसळाच्या पंक्तीला कुबड्या नवऱ्यालाही बसवते. कष्ट आणि संसाराच्या जाचातून सुटलेल्या स्त्रीचे हे मिश्कील हसू संघाने जपून ठेवले, पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत केले.

सम्यक वाचा म्हणजे गंभीर चेहऱ्याने बोलणे नव्हे. खोटे, कठोर आणि निरर्थक बोलणे टाळणे म्हणजे सम्यक वाचा. बायकोला भांडखोर ठरवणारा विनोद या कसोटीला उतरतो का? २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की पत्नीने पतीची मैत्रीण व्हावे, गुलाम नव्हे. मैत्रिणीची चेष्टा करता येते, पण मग तिलाही आपली चेष्टा करता आली पाहिजे.

म्हणून जयंती मंडळांच्या तरुण कार्यकर्त्यांना एक विनंती. यंदा कार्यक्रम ठरवताना नाटुकलीची संहिता आधी वाचा आणि हसू कुणावर येते आहे ते पाहा. स्वागतगीत आणि आभारप्रदर्शन यापलीकडे दहा मिनिटे माईक वस्तीतल्या मुलींच्या, घरकाम करणाऱ्या ताईंच्या हाती द्या. त्या बोलतील तेव्हा विनोद कदाचित आपल्यावरच असेल. तेव्हा आपण हसू शकलो, तर फलकावरची समता थोडी तरी खाली उतरली असे म्हणता येईल.

जय भीम!