संघराज्य आणि अधिकारविभाजन : कलम ३५६ चा अनुभव

संघराज्य आणि अधिकारविभाजन ही राज्यशास्त्रातील दोन भिन्न तत्त्वे होत. पहिल्यात सत्तेची वाटणी केंद्र व घटक राज्ये ह्यांच्यात होते. दुसऱ्यात ती विधिमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायसंस्था ह्यांच्यात होते. विवेचनाच्या सोयीसाठी ग्रंथांत त्यांची प्रकरणे वेगळी असतात. व्यवहारात मात्र पहिले तत्त्व कितपत टिकते, हे बव्हंशी दुसऱ्याच्या बळावर ठरते. भारतीय राज्यघटनेच्या कलम ३५६ चा इतिहास ह्याची साक्ष देतो.

राज्याचा कारभार घटनेतील तरतुदींनुसार चालविता येत नाही, अशी खात्री झाल्यास राष्ट्रपतींना उद्घोषणेद्वारे त्या राज्याचे शासन हाती घेता येते. येथे राष्ट्रपतींची खात्री म्हणजे वस्तुतः केंद्रीय मंत्रिमंडळाचा सल्ला होय. हे कलम कागदावरच राहील, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी १९४९ मध्ये घटनासमितीत व्यक्त केली होती. ती फलद्रूप झाली नाही. १९५९ मध्ये केरळातील नंबुद्रिपाद मंत्रिमंडळ विधानसभेत बहुमत असतानाही बडतर्फ झाले. १९७७ मध्ये केंद्रात सत्तांतर झाल्यावर नऊ राज्यांच्या विधानसभा एकदमच विसर्जित करण्यात आल्या. १९८० च्या सत्तांतरानंतर तोच प्रकार आणखी नऊ विधानसभांच्या बाबतीत घडला. त्यांत महाराष्ट्राचीही होती.

ह्या अधिकारावर घटनेने घातलेला पहिला निर्बंध संसदेचा. उद्घोषणेस दोन महिन्यांच्या आत दोन्ही सभागृहांची संमती लागते. परंतु संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ लोकसभेच्या बहुमतावरच उभे असल्यामुळे तेथील संमती सहसा गृहीतच असते. राज्यसभेची घडण निराळी आहे. तिचे बहुतेक सदस्य राज्यांच्या विधानसभांकडून निवडले जातात व ती एकाच वेळी विसर्जित होत नाही. १९९९ मध्ये बिहारविषयीच्या उद्घोषणेला लोकसभेने संमती दिली. पण राज्यसभेत बहुमत नसल्यामुळे केंद्र सरकारला ती मागे घ्यावी लागली.

दुसरा निर्बंध न्यायसंस्थेचा. तो हळूहळू आकारास आला. १९७५ च्या ३८ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींची खात्री न्यायालयीन चौकशीपलीकडे नेली. १९७७ मध्ये राजस्थान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. ४४ व्या दुरुस्तीने ती तरतूद काढून टाकली. पुढे १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ठरविले की, उद्घोषणेची वैधता न्यायालयास तपासता येते, मंत्रिमंडळाच्या बहुमताची परीक्षा विधानसभेतच व्हावयास हवी आणि संसदेच्या संमतीपूर्वी विधानसभा विसर्जित करता येत नाही.

ह्या निर्णयाने राज्यांना नवे अधिकार दिले नाहीत. केंद्रीय कार्यकारी मंडळाच्या अधिकाराची सीमा मात्र दाखवून दिली. तरीही न्यायालयीन संरक्षणास काळाची मर्यादा आहे. बिहार विधानसभेचे २००५ मधील विसर्जन घटनाबाह्य ठरले, पण निवडणुकीची प्रक्रिया सुरू झाल्याने ती विधानसभा पुनरुज्जीवित झाली नाही. उलट २०१६ मध्ये अरुणाचल प्रदेशात पूर्वीचे सरकार न्यायालयाच्या आदेशाने परत आले.

तात्पर्य, संघराज्याची कसोटी अधिकारांच्या सूचींत शोधणे अपुरे आहे. त्या सूचींचे उल्लंघन झाल्यास केंद्राला वेळेवर रोखू शकणारी स्वतंत्र संस्था अस्तित्वात आहे किंवा नाही, हा खरा प्रश्न होय.